मोडलेल्या झाडांचे वैद्य

१९८७ सालच्या ऑक्टोबरातली गोष्ट. आपल्याकडे दिवाळी आठवड्यावर आली होती; घरोघर भाजणीचा खमंग वास सुटला होता. त्याच सुमारास, १५ तारखेच्या मध्यरात्रीनंतर, इंग्लंडच्या दक्षिण भागावर एक भयंकर वादळ चालून आले. पाऊस आधीच पुष्कळ झाला होता, जमीन भिजून मऊ पडली होती आणि झाडांची पाने अजून गळायची होती. पानांनी भरलेले झाड म्हणजे वाऱ्यापुढे ताणून धरलेले शीडच. वर शीड भरलेले आणि खाली नांगर नुसत्या चिखलात! उजाडले तेव्हा सुमारे दीड कोटी झाडे पडली होती आणि ब्रिटनमध्ये अठरा माणसे दगावली होती. सेव्हनओक्स, म्हणजे ‘सात ओक’, या नावाचे एक गाव आहे. तेथील क्रिकेटच्या मैदानाकडेच्या सातांपैकी सहा ओक त्या रात्री कोसळले. गावाचे नाव तेवढे शाबूत राहिले.

लंडनजवळच्या क्यू येथील राजोद्यानात सुमारे सातशे झाडे गेली. तिथे १७९८ साली लावलेला टर्नर जातीचा एक प्रचंड ओक होता. गेली काही वर्षे तो खंगत चालला होता. पालवी विरळ, फांद्या वाळू लागलेल्या. त्या रात्री वाऱ्याने हा वृद्ध वृक्ष मुळांच्या गड्ड्यासकट जमिनीतून उचलला आणि पुन्हा होता तिथेच ठेवून दिला. पडला नाही, पण मुळे हादरली, सभोवतीची माती फाटली. आता याचे काही खरे नाही, असेच सर्वांना वाटले. परंतु जी झाडे आडवी झाली होती ती आधी काढायची आणि जी उभी होती ती मागाहून, असा क्रम लागला, आणि या म्हाताऱ्याची पाळी लांबणीवर पडली. त्याचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. आधी एक जुनाच प्रश्न विचारू या: वादळाने मोडलेल्या झाडासाठी माणसाने नेमके काय करावे?

प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे बरे उत्तर सापडायला दोन शतके लागली. घरात कोणी आजारी पडले की प्रत्येक नातेवाइकाला काहीतरी केल्याशिवाय चैन पडत नाही. कोणी काढा करतो, कोणी लेप उगाळतो, कोणी दृष्ट काढतो. झाडांच्या बाबतीत माणसाने अगदी हेच केले आहे. झाडांच्या वैद्यकाचा इतिहास हा पुष्कळसा या ‘काहीतरी केलेच पाहिजे’ या तळमळीचा इतिहास आहे.

आपल्याकडे ही तळमळ फार जुनी. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. थंडी, वारा आणि ऊन यांनी झाडे आजारी पडतात, असे तो सांगतो. उपायही देतो: आधी शस्त्राने बिघडलेला भाग साफ करावा, मग वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप लावून दूधपाण्याचे सिंचन करावे. आधी शस्त्र आणि मग लेप, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. पुढे हजारबाराशे वर्षांनी, हिमाच्या मुलखात, अगदी वेगळ्या माणसांनी हाच क्रम धरला. त्यातला लेपाचा भाग फसला आणि शस्त्राचा भाग टिकला.

फसलेल्या लेपांत सर्वांत गाजला तो विल्यम फोर्सिथ याचा. हा १७३७ साली जन्मलेला स्कॉटिश माळी, पुढे इंग्लंडच्या राजाच्या केन्सिंग्टन आणि सेंट जेम्स येथील बागांचा मुख्य झाला. त्या काळी इंग्लंडचे आरमार ओकच्या लाकडावर तरंगत होते. अरण्यांतले ओक पोकळ निघाले तर जहाजे कशाची बांधायची, ही राज्याची चिंता होती. अशा वेळी फोर्सिथने जाहीर केले, की आपल्यापाशी एक लेप आहे. तो लावला की जखमी आणि पोकळ झाडे पुन्हा भरीव होतात. सरकारने चौकशी बसवली, तिला खात्री पटली आणि सरकारी तिजोरीतून त्याला पंधराशे पौंड मिळाले. १७९१ साली त्याने आपली कृती छापून प्रसिद्ध केली.

आता ही कृती ऐकून मराठी वाचकाला हसू आल्याशिवाय राहणार नाही. गाईचे ताजे शेण एक माप. जुन्या घराच्या चुन्याचा चुरा अर्धे माप, त्यातही छताचा मिळाला तर उत्तम. लाकडाची राख अर्धे माप. आणि थोडी नदीची वाळू. सारे चाळून, मळून, जखमेवर लिंपायचे आणि वरून राख व जळक्या हाडांची पूड भुरभुरायची. ज्या घरात रोज सकाळी अंगण सारवले जात होते, तिथल्या आजीबाईंना यासाठी कोणी पंधराशे पौंड दिले नसते!

थॉमस अँड्र्यू नाइट नावाचा एक जमीनदार मात्र ऐकेना. फळझाडांवर प्रयोग करण्यात त्याचे आयुष्य गेले होते आणि पुढे तो लंडनच्या उद्यान-संस्थेचा अध्यक्षही झाला. त्याने १८०२ साली फोर्सिथच्या लेपाविषयी आपल्या शंका छापल्या. झाडाचा गाभा एकदा कुजला, की तो शेणाने काय किंवा कशानेच काय, पुन्हा लाकूड होऊ शकत नाही, असा त्याच्या म्हणण्याचा रोख होता. वाद हातघाईवर आला असतानाच १८०४ साली फोर्सिथ वारला. लेप मागे पडला, पण नाव उरले. उत्तरेकडच्या बागांतून हिवाळा सरता सरता पानांच्याही आधी पिवळ्याधमक फुलांनी डवरणारे जे झुडूप असते, त्याला आजही फोर्सिथिया म्हणतात. औषध विसरले गेले आणि वैद्याच्या नावाने फूल फुलत राहिले, यात एक गोड न्याय आहे.

तरीही माणसाची लेप लावण्याची हौस फिटली नाही. शेणाच्या जागी डांबर आले, रंग आला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत सिमेंटही आले. या पर्वाचा नायक जॉन डेव्ही. इंग्लंडात सॉमरसेट परगण्यात १८४६ साली जन्मलेला हा शेतमजुराचा मुलगा वयाच्या विशीपर्यंत निरक्षर होता. पुढे तो अमेरिकेत गेला आणि ओहायो राज्यातील केंट गावी दफनभूमीची देखभाल करू लागला. तिथली झाडे त्याने अशी जपली, की माणसे ती पाहायला येऊ लागली. १९०१ साली त्याने ‘वृक्षवैद्य’ अशा अर्थाच्या नावाचे एक पुस्तक लिहिले. झाड म्हणजे नुसते उभे सरपण नव्हे. ते जिवंत आहे, त्याला आजार आहे आणि उपचारही आहे, ही गोष्ट अमेरिकन गृहस्थाच्या मनावर ठसवण्याचे काम या माणसाने केले. त्याच्या हाताखाली तयार झालेली मुले दोराने झाडावर चढत, वाळलेल्या फांद्या काढत, ढोल्या खरवडत आणि दंतवैद्य दाढ भरतो तशा त्या सिमेंटने भरून काढत.

हेतू निर्मळ होता, कष्ट खरे होते. पण झाड वाऱ्यात डोलते आणि सिमेंट डोलत नाही. ढोली खरवडताना, कुजक्या भागाला अडवून धरण्यासाठी झाडाने आतून जो बांध घातलेला असे, तोच कित्येकदा फुटे आणि कूज धडधाकट लाकडात शिरे. हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. कारण झाडाच्या आत नेमके काय चालते ते कोणी पाहिलेच नव्हते.

ते पाहिले अलेक्स शिगो यांनी. १९३० साली पेनसिल्व्हेनियात जन्मलेले शिगो तरुणपणी लष्कराच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. पुढे ते वनस्पतिरोगांचे अभ्यासक झाले आणि अमेरिकन वनखात्याच्या न्यू हॅम्पशायरमधील केंद्रात रुजू झाले. तोवरचे शास्त्रज्ञ झाडाचा छेद बहुधा आडवा घेत. शिगोंच्या हाती यांत्रिक करवत आली आणि त्यांनी झाडे उभी चिरली, शेंड्यापासून बुंध्यापर्यंत. पंधरा हजारांहून अधिक झाडे त्यांनी अशी उघडून पाहिली. प्रत्येक झाडाच्या पोटात त्याचे जुने आघात तारीखवार मांडून ठेवलेले होते.

शिगोंनी १९७७ साली हॅरल्ड मार्क्स यांच्यासह आपला निष्कर्ष मांडला. तो थोडक्यात असा: झाडाची जखम बरी होत नाही; झाड ती बंद करते. आपल्या बोटाला कापले तर मेलेल्या पेशींच्या जागी नव्या येतात. झाडाला ही सोय नाही. त्याचे जखमी लाकूड जन्मभर जखमीच राहते. मग ते करते काय? जुन्या वाड्यात एका खोलीला आग लागली तर शहाणा माणूस मधली दारे लावून घेतो. झाडही वर-खाली, आत आणि बाजूंना अशा भिंती घालते. वर-खालची भिंत सर्वांत दुबळी, म्हणून कूज उभी पसरते. सर्वांत भक्कम भिंत असते ती जखमेनंतर वाढलेल्या नव्या लाकडाची. जुनी खोली गेली ती गेली. झाड तिला बाहेरून नवी खोली बांधत पुढे जाते. ढोली असलेले झाड शेकडो वर्षे का जगते, याचे उत्तर इथे मिळते.

या एका शोधाने दोनशे वर्षांचे लेप निकालात निघाले. शिगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेपल व एल्म या झाडांवर जखमा करून, काहींना लेप लावून आणि काहींना उघडे ठेवून वर्षानुवर्षे पाहिले. लेपाने कूज थांबली नाही. शस्त्राच्या बाबतीतही एक जुनी चूक उघडकीस आली. फांदी खोडाला मिळते तिथे सदऱ्याच्या कॉलरसारखा एक फुगीर काठ असतो. तो काठ फांदीचा नसून खोडाचा असतो, आणि झाडाची संरक्षक भिंत तिथेच उभी राहते. माळी लोक मात्र सफाईच्या हौसेने खोडाशी अगदी सपाट करवत चालवीत आणि तो काठच कापून टाकीत. वरून काम देखणे दिसे, आत कूज शिरे. तीस वर्षांनी वादळ येई, खोड नेमके तिथेच मोडे आणि दोष वाऱ्याला लागे! शेंडे छाटलेल्या झाडाचेही तसेच. छाटल्या जागी फुटलेले धुमारे वरवर चिकटलेले असतात. ते जाड झाले की पहिल्या जोराच्या वाऱ्याला निखळतात.

शिगो १९८५ साली निवृत्त झाले आणि २००६ साली वारले. त्यांच्या शिकवणुकीची मोठी कसोटी लागली ती जानेवारी १९९८ मध्ये, कॅनडात आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात. त्या संकटाचे नाव गोठता पाऊस. वरच्या हवेत उबेचा थर आणि जमिनीलगत शून्याखालची थंडी, असा योग आला की पाऊस पाणी म्हणूनच खाली येतो, पण स्पर्श होताच जागच्या जागी बर्फ होतो. आपल्याकडील गारांसारखा तो उड्या मारून निघून जात नाही. तारेला, डहाळीला, कळीला काचेसारखा चिकटतो आणि थरावर थर चढवीत जातो. दृश्य मोठे मोहक. पण त्या काचेचे ओझे फांदीच्या स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट होते.

५ ते १० जानेवारी या दिवसांत मॉन्ट्रिअलच्या परिसरात हा पाऊस पुन्हा पुन्हा पडला. काही भागांत तो १०० मिलिमीटरच्या घरात गेला. विजेचे पोलादी मनोरे गुडघ्यांत मोडल्यासारखे बसले, लाकडी खांब हजारोंनी आडवे झाले. क्वेबेक प्रांतातील तीस लाखांवर माणसे भर हिवाळ्यात विजेविना राहिली आणि काही घरांत महिन्याहून अधिक काळ दिवा लागला नाही. मॉन्ट्रिअलच्या दक्षिणेकडील सर्वाधिक पोळलेल्या भागाला लोकांनी ‘काळा त्रिकोण’ असे नाव दिले. शहराच्या मधोमध माउंट रॉयल ही टेकडी आहे. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी आखलेले तिथले उद्यान १८७६ पासून नगराचे भूषण आहे. तिथली बहुसंख्य झाडे दुखावली आणि सुमारे पाच हजार तोडावी लागली. रात्रभर फांद्या बंदुकीच्या बारासारख्या कडाडत होत्या.

सकाळी दारापुढे उभे असलेले अर्धेमुर्धे झाड पाहून गृहस्थाला काय वाटले असेल? ते आजोबांनी लावलेले असेल, त्याच्या फांदीला मुलांचा झोका असेल. दारावर कोणी करवत घेऊन येतो आणि सांगतो, याचे आता काही राहिले नाही, आज पाडून टाकू. मन खचलेले असते; होकार पटकन निघून जातो. आणि झाड पाडायला तास पुरत असला तरी वाढवायला पन्नास वर्षे लागतात.

शिगोंच्याच केंद्रातील वॉल्टर शॉर्टल आणि केव्हिन स्मिथ यांनी या बर्फवादळात सापडलेली झाडे पुढे कैक वर्षे पाहिली. त्यातून एक साधा अडाखा मिळाला. पानझडी झाडाचा वरचा पसारा निम्म्याहून कमी मोडला असेल तर ते बहुधा जगते. निम्मे ते पाऊण गेले असेल तर पुष्कळशी जगतात, पण वाढ काही वर्षे खुंटते. पाऊण भागाहून अधिक गेले तर मात्र आशा थोडी. म्हणजे ज्यांना पाहताक्षणी मेलेले ठरवावे, अशा कितीतरी झाडांच्या अंगात जगण्याचे बळ शिल्लक असते.

आज आपल्यापैकी पुष्कळांच्या लेकी-सुना, मुले-नातवंडे टोरांटोत, मिनेसोटात, मॅसॅच्युसेट्समध्ये घरे करून राहिली आहेत आणि त्यांच्या परसात मेपल आणि बर्च उभे आहेत. बर्च म्हणजे आपल्या भूर्जवृक्षाचाच सोयरा. तेव्हा या इतिहासातून उरलेले शहाणपण त्यांच्यासाठी इथे सांगणे वावगे होणार नाही.

पहिली काळजी माणसाची. तुटलेली तार झाडाला टेकली असेल तर त्या झाडाच्या वाऱ्यालाही उभे राहू नये. वीज कंपनीची माणसे येईपर्यंत थांबावे. वर अडकून लोंबणाऱ्या मोडक्या फांदीला तिकडचे लाकूडतोडे ‘विधवा करणारी’ अशा अर्थाचे नाव देतात, यातच सर्व आले. ओझ्याने वाकून दबलेली फांदी कापताच चाबकासारखी उसळते, तेही काम जाणत्याचे.

दुसरे, बर्फ काठीने झोडपू नये आणि गरम पाणीही ओतू नये. गोठलेले लाकूड ठिसूळ होते. बर्फाने न मोडलेली फांदी आपल्या मदतीने मोडते. भुसभुशीत हिम असेल तर केरसुणीने खालून वर हलकेच उचलावे. काचेसारखा बर्फ मात्र आपोआप वितळू द्यावा. कमान होऊन जमिनीला टेकलेला कोवळा बर्च ओझे उतरल्यावर पुष्कळदा आपला आपण उभा राहतो. मुळापासून कललेले लहान झाड वाचवता येते. पण मुळे वाळू किंवा गोठू न देता, ओल्या पोत्याने झाकून, लवकरात लवकर सरळ करावे आणि टेकू द्यावा. टेकू साधारण वर्षभराने काढावा, कारण वाऱ्यात डोलल्यावाचून खोडाला बळ येत नाही.

तिसरे शस्त्राचे. मोडक्या फांदीचा खुंट तीन घावांत काढावा. पहिला अर्धवट घाव काठापासून हातभर दूर, खालून. दुसरा त्याच्या किंचित पुढे, वरून, म्हणजे फांदी पडताना खोडाची साल ओरबाडत नेत नाही. आणि तिसरा त्या कॉलरच्या लगत, पण तिला धक्का न लावता. वर लेप नको, रंग नको. याला एक अपवाद आहे. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात ओकला मर आणणारी एक बुरशी आहे आणि ताज्या जखमेकडे ओढले जाणारे भुंगे तिचा प्रसार करतात. तिथे वसंतात आणि उन्हाळ्याच्या आरंभी ओकची फांदी मोडली, तर जखमेवर ताबडतोब रंग द्यावा. हा रंग औषध म्हणून नव्हे. दाराला लावलेली कडी म्हणून.

आणि शेवटचे, सर्वांत अवघड: थांबावे. घरावर पडण्याचा धोका नसेल तर पुढची पालवी फुटेपर्यंत झाडाचा निकाल लावू नये.

हे थांबण्याचे मोल १९८७ च्या वादळानेही शिकवले. केंट परगण्यातील टॉइज हिल या टेकडीवरचे रान त्या रात्री जवळजवळ सपाट झाले होते. तिथला एक भाग मुद्दाम जसाच्या तसा ठेवण्यात आला. इतरत्र यंत्रे लावून पडझड उपसली गेली, जमीन तुडवली गेली, आडवी पण जिवंत झाडे ओढून नेली गेली. नुसत्या राहू दिलेल्या भागात पडलेल्या झाडांच्या आडोशाने नवे रान आपोआप उगवून आले. ऑलिव्हर रॅकहॅम यांच्यासारख्या वनेतिहासकाराने सांगितले ते हेच, की झाडाच्या बाबतीत आडवे होणे म्हणजे मरणे नव्हे. एक मूळ मातीत राहिले तरी ते तग धरते.

आता क्यूच्या त्या म्हाताऱ्याकडे परत जाऊ. झाडे हलवता हलवता सुमारे तीन वर्षे लोटली. टोनी कर्कहॅम आणि त्यांचे सोबती अखेर त्या ओकपाशी आले आणि चकित झाले. झाड मेले तर नव्हतेच, उलट कित्येक वर्षांत दिसले नव्हते इतके टवटवीत झाले होते. कारण शोधल्यावर कळले, की जवळजवळ दोन शतके सावलीला येणाऱ्या लोकांच्या पावलांनी त्याच्या बुंध्याभोवतीची जमीन दगडासारखी चेपली होती. मुळांना हवा मिळत नव्हती, पाणी मुरत नव्हते. त्याचा आजार तो होता. वादळाने झाड उचलले, माती मोकळी झाली आणि मुळांनी श्वास घेतला. यातून धडा घेऊन क्यूच्या माळ्यांनी इतर खंगलेल्या वृक्षांच्या मुळांशीही दाबाने हवा सोडण्याची रीत सुरू केली.

शेण, डांबर आणि सिमेंट यांनी जे साधले नाही, ते एका वादळाने आणि लांबलेल्या पाळीने साधले. माणसाच्या तळमळीला हसण्याचे कारण नाही. फोर्सिथच्या लेपात आणि डेव्हीच्या सिमेंटात झाडाविषयीची माया होतीच, आणि त्या मायेमुळेच कोणीतरी पुढे झाड उघडून पाहिले. पण मायेला जाणतेपणाची जोड मिळायला दोनशे वर्षे लागली. वादळ ओसरल्यावर दारातल्या मोडक्या झाडापुढे करवत घेऊन उभे राहणाऱ्याने एवढे आठवावे: झाडाने आतली दारे लावून घ्यायला सुरुवातही केलेली असते. आपण फक्त त्याला एक वसंत द्यायचा असतो.